जहाजावरच्या जेवणाचा कोट

मुलीने फोनवर यादी पाठवली तेव्हा मी बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर पंख्याखाली बसलो होतो. बाहेर जळगावचं ऊन. त्या उन्हात माणूस काय घालतो, तर कमीत कमी. आणि यादीत लिहिलेलं होतं की जहाजावरच्या मोठ्या भोजनगृहात संध्याकाळी पुरुषांनी हाफ पँट, चप्पल, सँडल घालून येऊ नये. पहिले दोन दिवस फुल पँट, कॉलरचा शर्ट आणि बूट चालतील. तिसरा दिवस खास. त्या दिवशी गडद रंगाचा सूट, पांढरा शर्ट, टाय, काळे चामड्याचे बूट आणि बुटाच्याच रंगाचे मोजे. ज्यांच्याकडे कोट नसेल त्यांनी वरच्या डेकवर साधं जेवण घ्यावं.

मी लगेच फोन लावला. म्हटलं, "बाई गं, मला जेवायचंय का कोणाच्या वरातीत नाचायचंय?"

"पप्पा, तिथे तसाच नियम असतो."

"मग वरच्या डेकवर जेवू. पोटाला काय कळतं कोट घातला का नाही ते?"

ती म्हणाली, "पप्पा, आईला विचारा."

आई म्हणजे माझी बायको आत भाजी निवडत होती. भाजी निवडायला ती अलीकडे डोळे वापरत नसे, बोटांनीच चाचपून कीड लागलेलं पान बाजूला काढायची. तिला काचबिंदू झालेला. फार उशिरा कळला. कडेचं दिसणं आधी गेलं, तेव्हा ती दाराला धडकायची आणि मी ओरडायचो, "डोळे कुठे ठेवलेस?" खरंच असं ओरडायचो मी. पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तिला नळीतून बघितल्यासारखं दिसतं, नळी बारीक होत जाणार, जे गेलं ते परत येणार नाही. थेंब घाला, आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या, असंही ते हळूच म्हणाले. मुलीने त्याच आठवड्यात मुंबईहून निघणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली. आईने समुद्र कधी पाहिला नाही, तुम्ही दोघं जा, म्हणाली.

मी बायकोला जाऊन विचारलं, "काय गं, तिथे कोट घालून जेवायला लागतं म्हणे. करायचंय का हे नाटक?"

तिने हातातली मेथी खाली ठेवली. ती पिंपळनेरची. माझ्याशी एरवी शहरातलं बोलते, पण मनातलं बोलायचं असलं की अहिराणीत शिरते. म्हणाली, "तुमले कोटमा देखानं शे माले. एकदाव."

मला एकदा कोटात बघायचंय, एवढंच बोलली आणि परत मेथी निवडायला लागली. मी तिथेच उभा. कारण लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि एवढ्या वर्षांत कोट हा शब्द आमच्या घरात कोणी काढला नव्हता. ना तिने, ना मी.

ते का, ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आमच्याकडे नवरदेवाचे कपडे मुलीकडचे करतात. माझे सासरे दवाखान्यात कंपाउंडर होते. मलमपट्टी करायची, गोळ्या मोजून पुडीत बांधायच्या, असं काम. त्यांना सगळे आबा म्हणायचे. आबांनी धुळ्याला माझ्यासाठी सूट शिवायला टाकला. माझं माप द्यायला कोणी गेलं नाही, कोणाच्या तरी अंदाजाने शिवला. लग्नाच्या दिवशी जानवशावर, म्हणजे आम्ही वरातवाले उतरलो होतो त्या शाळेच्या खोलीत, आबा स्वतः ताटात घालून सूट घेऊन आले. मी कोट चढवला. बाह्या आखूड. मनगट दिसत होतं. बोटभरच आखूड असतील, जास्त नाही.

मी तेव्हा नुकताच व्यायामशिक्षक म्हणून धरणगावला लागलो होतो. अंगात मस्ती. बरोबर कॉलेजातले चार मित्र. त्यांतला एक म्हणाला, "अरे, मुलीच्या भावाचा दिलाय का उतरवून?" आणि सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवरदेवाने रुसायचं असतं, ती गंमतच असते, अंगठी नाहीतर घड्याळ मिळालं की नवरदेव हसतो आणि सगळे पेढे खातात. आबांना वाटलं तसंच आहे. ते हसले. म्हणाले, "जवाईबापू, बाही आता सोडून देतो, पाच मिनिटं द्या." खिशातून ब्लेड काढलं, सतरंजीवर मांडी घातली आणि बाहीची टीप उसवायला बसले. कंपाउंडरचा हात, एकेक टाका काढत होते. पण आत कापडच दुमडलेलं नव्हतं. सोडायला काही नव्हतंच.

ते मान वर करून माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "असला कोट मी घालणार नाही." सगळ्यांसमोर म्हणालो. आणि शर्टावरच घोड्यावर जाऊन बसलो. लग्नाचे सगळे फोटो शर्टावरचे आहेत. बायको सगळ्या फोटोंत खाली बघते. नव्या नवरीने खाली बघायचंच असतं, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. मला मात्र माहीत होतं. आबा पुढे वीस-बावीस वर्षं आमच्याकडे येत-जात राहिले, मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, उलट दर वेळी विचारायचे, तब्येत कशी आहे. मग वारले. मी तेव्हाही काही बोललो नाही. आणि कोट पुन्हा कधी अंगाला लावला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाही, मुलीच्या लग्नात नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, या गरमीत कोट घालायला मी काय वेडा आहे?

तर आता तिने मागितलं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं आणि ते नेमकं हेच. तिच्या डोळ्यांत किती दिवस उजेड आहे, कोणाला माहीत. मी त्याच दिवशी शिंप्याकडे गेलो.

शिंपी म्हणजे माझ्याच वयाचे एक चाचा. दोन पिढ्यांचं दुकान, आता रेडिमेडमुळे फक्त ब्लाउज आणि शाळेचे गणवेश. मी सूट म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "सर, शादी कोणाची?"

"कोणाची नाही. जेवायला घालायचाय."

"जेवायला?" त्यांनी आत बघून बेगमला आवाज दिला, "ऐकलं का, सर सूट घालून जेवणार." आणि मग पोट धरून हसले. मीही हसलो. पण माप घेताना मी त्यांना सांगितलं, "चाचा, बाकी कुठे चुका, बाही चुकवू नका." ते म्हणाले, "सर, चाळीस साल झाले हात चालवतोय." मी म्हटलं, "तरी दोनदा मोजा." त्यांनी खरंच दोनदा मोजलं.

काळा नको असं बायकोने बजावलं होतं. काळा कशाला, अपशकुनी. म्हणून गडद निळा. पांढरा शर्ट नवाकोरा घेतला. टाय जावयाचा, मुलीने कुरिअरने पाठवला, मरून रंगाचा. चाचांनीच तो बांधून, गाठ तशीच ठेवून दिला, की नुसता गळ्यात अडकवायचा आणि ओढायचा. दर शनिवारी पोरांना लेझीम शिकवत आलेला मी, मला टायची गाठ येत नाही हे चाचांनी कोणाला सांगितलं नाही.

मुंबईहून जहाज सुटलं. काय ते जहाज! जळगावचं एखादं व्यापारी संकुल उचलून पाण्यावर ठेवलंय इतकं मोठं. आत गालिचे, लिफ्ट, जिकडे तिकडे आरसे. मी बायकोचा दंड धरून चालायचो, कारण तिला तिथलं काही सवयीचं नव्हतं. घरी तिला पावलं पाठ होती. इथे तिचा पाय उंबऱ्यालाही अडायचा. मला वाटलं, जहाज हलतंय म्हणून.

डेकवर नेलं. ती कठड्याला धरून उभी राहिली, वारा तोंडावर घेत. मी विचारलं, "कसा आहे समुद्र?"

"बठ्ठं दिसस," ती म्हणाली, म्हणजे सगळं दिसतं. "केवढं निळं शे."

संध्याकाळ कलली होती, ढग आलेले, पाणी राखाडी होतं. मी म्हटलं, तिच्या नळीतून तिला निळं दिसत असेल. खूश होती ना, मग झालं.

पहिले दोन दिवस आम्ही वरच्या डेकवरच जेवलो. मी बघत होतो कोण काय घालतं ते. दिवसा सगळे पुरुष गुडघ्याच्या वरच्या चड्ड्यांत. पोटं पुढे. सहा वाजले की जादू व्हायची आणि तेच पुरुष इस्त्री केलेल्या पँटीत, लिननच्या शर्टात लिफ्टमधून उतरायचे. एक सुरतचे व्यापारी चप्पल घालून मोठ्या भोजनगृहाकडे निघाले, तर दारावरच्या माणसाने हात जोडून त्यांना परत पाठवलं. ते चिडले, मोठमोठ्याने बोलले, पण गेले आणि बूट घालून आले. मी ते बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचे बूट पॉलिश केले आहेत ना?"

"केलेत गं."

"परत करा."

तिसरा दिवस उजाडला. सकाळपासून तिचं चाललेलं. माझा सूट हँगरला लावा, सुरकुती पडू देऊ नका, शर्टाच्या घड्या मोडा. तिने स्वतःसाठी मुलीच्या लग्नातली जांभळी पैठणी आणली होती. दुपारीच नेसून बसली. मला म्हणाली, "साडेआठला आत घेणं बंद करतात. मला उशिरा नाही जायचं." किती वेळा बोलली असेल. आणि मग हसत म्हणाली, "मी समोर बसणार बरं का. शेजारी नाही. समोर."

मी दाढी करून बाहेर आलो तर ती बिछान्यावर शर्ट मांडीवर घेऊन बसलेली. शेजारी तिची हळदीकुंकवाची डबी. आमच्या घरात नवा कपडा हळदीकुंकू लावल्याशिवाय अंगाला लागत नाही. कपड्याच्या आतल्या कोपऱ्याला, कोणाला दिसणार नाही असं बोट टेकवायचं आणि मग घालायचं. माझ्या सगळ्या शर्टांच्या खालच्या टोकाला तिच्या बोटाचा ठिपका आहे. ती कपड्याचा कोपरा बोटांनी शोधत होती. कोपरा तिला सापडला. तिने हळदीचं बोट ओलं करून चांगलं दाबलं, त्यावर कुंकवाचं. मग दोन्ही हातांनी शर्ट माझ्यासमोर धरला. "घ्या. आता घाला."

कॉलर. तिने कॉलरच्या टोकाला लावलं होतं. उजव्या कॉलरच्या पुढच्या टोकाला, पांढऱ्याशुभ्र कापडावर पिवळा ठिपका आणि त्यावर लाल. कोटाने झाकत नाही, टायने झाकत नाही, अशी जागा.

तिच्याकडे बघितलं तर ती हसत होती. तिला वाटत होतं की आतल्या कोपऱ्याला लावलंय. काय बोलणार? कॉलर आणि शिवणीचं टोक यातला फरक तिला आता कळत नाही, हे तिला आजच्या दिवशी सांगू? मी म्हटलं, "छान. आलोच." आणि शर्ट घेऊन बाथरूममध्ये शिरलो, कडी लावली.

आता माझं एक पाप ऐका. मी आयुष्यात स्वतःचा एक रुमाल धुतलेला नाही. आधी आई, मग बायको. त्या बाथरूममध्ये साबणाची छोटी वडी होती. मी कॉलर नळाखाली धरली, ठिपक्यावर साबण घासला. आणि ठिपका लाल झाला. पिवळा ठिपका डोळ्यांदेखत लालभडक झाला आणि पसरला. मी आणखी साबण लावला. आणखी लाल. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे आमच्या गल्लीतल्या शाळकरी पोरीला माहीत असतं. मला माहीत नव्हतं! साठी उलटलेल्या माणसाला माहीत नव्हतं. दहा मिनिटांत अर्धी कॉलर अशी दिसायला लागली की कोणी मला सुरा मारलाय.

बाहेरून आवाज, "काय हुयनं? निघायचं ना?"

"आलो, आलो."

मी ओला शर्ट पिशवीत कोंबला, बनियनवर रोजचा शर्ट चढवला आणि तिला म्हटलं, "बुटाची नाडी तुटली, आणतो." आणि बाहेर पळालो. फोनला रेंज नाही, मुलीला विचारावं तर समुद्रात काही लागत नाही. जहाजावरच्या दुकानात गेलो. अत्तरं, घड्याळं, लहान मुलांचे टी-शर्ट, पांढरा शर्ट एकही नाही. तिथली मुलगी म्हणाली, लॉन्ड्रीत द्या, सकाळी मिळेल. सकाळी! मी काउंटरवर हात आपटला. लिफ्टपाशी एका मराठी बोलणाऱ्या गृहस्थाला गाठलं, त्यांनी स्वतःच्या लग्नातली शेरवानी घातली होती, बटणं लागत नव्हती. त्यांना चक्क विचारलं, "भाऊ, एक पांढरा शर्ट आहे का जास्तीचा?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी भीक मागतोय. मागतच होतो. ते म्हणाले, नाही हो. सव्वाआठ झाले होते. मी जिन्यात बसलो. अक्षरशः पायरीवर बसलो आणि मला रडू यायला लागलं. एवढासा एक कपडा. एवढं एक तिने मागितलं. तेही मला जमू नये?

परत खोलीत आलो. ती दाराशीच उभी, पदर नीट करून, चपला घालून. आणि तिला तसं तयार बघून मला तिची दया यायच्या ऐवजी राग आला. माझा रागच तसला, जिथे रडायचं तिथे तो येतो. मी पिशवी बिछान्यावर आपटली आणि ओरडलो, "मी नाही येत! हा असला शर्ट मी घालणार नाही!"

बोललो आणि ऐकलं. माझंच वाक्य मला ऐकू आलं.

तिचा हात कपाटाच्या कडेला होता, तो तिथेच राहिला. तोंड माझ्याकडे नव्हतं, जरा बाजूला होतं. चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य नव्हतं. माझ्याकडून हेच येणार हे तिला ठाऊक असल्यासारखी ती उभी होती. मी तिच्या बापाला सतरंजीवर ब्लेड हातात घेतलेलं सोडून निघून गेलो होतो. आता हिला पैठणीत उभं ठेवून निघालो होतो.

मी पिशवीतून शर्ट काढला आणि अंगात घातला. ओला, गार, लाल. त्यावर टाय ओढला, कोट चढवला. बाह्या मनगटावर बरोबर बसल्या होत्या. बूट घातले. तिचा हात धरला. "चल."

"शर्टाले काय हुयनं?"

"काही नाही. पाणी सांडलं होतं. चल लवकर."

आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी आम्ही दाराशी पोचलो. दारावर काळा बो-टाय लावलेला तरुण माणूस. तो वाकला, हसला आणि त्याची नजर माझ्या मानेवर गेली. हसू गेलं. "सर, खून निकल रहा है क्या? डॉक्टर को बुलाऊँ?"

बायको दचकली. "काय लागनं तुमले?" म्हणून तिने हात माझ्या गळ्याकडे नेला, पण तो दुसऱ्याच बाजूला, खांद्याच्या पलीकडे हवेत गेला. मी तो हात धरला.

"काही नाही गं. दाढी करताना कापलं." आणि त्या माणसाला मी डोळ्यांनी विनवलं. आयुष्यात मी कोणाला असं विनवलं नव्हतं. हेडमास्तरांनासुद्धा नाही. तो काही समजला का नाही, देव जाणे. त्याने बाजूला होऊन वाट दिली.

आत लखलखाट. छताला झुंबरं, पांढऱ्या चादरी, काचेचे पेले, कोपऱ्यात कोणी पियानो वाजवतंय. सगळे पुरुष सुटात. टेबलांमधून जाताना लोकांनी माझ्या कॉलरकडे बघितलं, एका बाईने नवऱ्याला कोपर मारून दाखवलं. दाखवू दे. आम्हाला खिडकीजवळचं दोघांचं टेबल मिळालं. ती समोर बसली, तिने ठरवलं होतं तशी. मी ताठ बसलो, छाती काढून, कवायतीला बसतात तसा. तिच्या नळीच्या मधोमध यावं म्हणून जरा डावीकडे सरकलो.

ती बघत होती. हसत होती. "झ्याक दिसता," म्हणाली. "झ्याक."

माझ्या जिवात जीव आला. झालं, पाहिलं तिने. मग माझ्या लक्षात आलं की ती माझ्या कानाच्या मागे बघतेय. मी उजवीकडे सरकलो. तिची नजर तिथेच राहिली, मागच्या झुंबरावर. मी हात हलवला. काही नाही. मी विचारायला नको होतं. तरी विचारलं, "टाय कसा वाटतो?"

"निळा ना? कोटावर शोभतो," ती म्हणाली.

मरून टायवर हात ठेवून मी म्हणालो, "हो. निळाच."

किती दिवसांपासून? मेथी निवडत होती तेव्हा? डॉक्टरकडे गेलो तेव्हा? डेकवर तर नक्कीच. तिने सांगितलं असतं तर मुलीने तिकिटं परत केली असती आणि मी कोट शिवला नसता, म्हणून ती गप्प राहिली. मला कोटात बघायचंय म्हणाली तेव्हा तिला माहीत होतं का की तिला मी दिसणार नाही? का तिला वाटत होतं, दिसेल, तोवर पुरेल? आणि मी चाळीस वर्षं या अंगावर कोट चढू दिला नव्हता, तिचे डोळे चांगले असताना, रोज समोर वावरत असताना. किती लग्नं झाली, किती सणवार झाले. एकदा घातला असता तर काय बिघडलं असतं माझं?

वाढपी ताटं ठेवून गेला. मी म्हणालो, "ऐक. लग्नात माझं चुकलं. आबांचा कोट. मी घालायला पाहिजे होता."

आवाज फाटला माझा. शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले.

तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेला होते, चादर चिमटीत धरून. मग म्हणाली, "आबाले सांगानं होतं. माले सांगीसन काय फायदा?"

मी मान खाली घातली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही, कारण जे तिने दिलं असतं ते तिचं नव्हतंच, आबांचं होतं.

"आते बोलत नका बसू," ती म्हणाली. "ताटमा काय शे ते सांगा. माले दिसत नही."

मी खुर्ची उचलली, तिच्या शेजारी नेऊन ठेवली, चमचा तिच्या हातात दिला आणि सांगायला लागलो.